न फोडलेली पट्टी

पत्र

डॉक्टरकाकू, सप्रेम नमस्कार.

आम्ही इंदूरच्या परदेशीपुऱ्यातले. वडील कापड मिलमध्ये साच्यावर होते. मिल बंद पडली तेव्हा दादा बारावीला होता आणि मी सातवीत. दादानं शिक्षण सोडलं आणि ट्रान्सपोर्टवर माल भरायला जाऊ लागला. पुढे मी होळकर कॉलेजात शिकलो, त्याची फी त्यानंच भरली. आज मी बँकेत अधिकारी आहे आणि निपानियाला आमचा फ्लॅट आहे. दादा बावन्न वर्षांचा आहे. बायपासवरच्या एका टाउनशिपच्या गेटवर तो एजन्सीमार्फत गार्ड आहे, संध्याकाळी सात ते सकाळी सात. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी दुपारी शेजाऱ्याची ऑटो घेऊन शाळेच्या मुलांना घरी सोडण्याचं कामही करतो.

तंबाखू नाही, बिडी नाही, दारू नाही. तरी गेल्या मार्चमध्ये हार्ट अटॅक आला. आयुष्मान कार्डावर स्टेंट बसला आणि नवव्या दिवशी हा ड्युटीवर हजर! मी अधूनमधून जाऊन गोळ्या तपासतो. गेल्या रविवारी पाहिलं तर बाकी पट्ट्या अर्ध्या संपलेल्या, पण एक पट्टी जशीच्या तशी. फोटो पाठवतोय. मी खूप बोललो. वहिनी म्हणाली, ऐकतच नाहीत. मी रोज मेघदूत बागेत फिरायला जातो, तूही चालत जा म्हटलं तर म्हणतो, ‘रात्रभर राउंडच मारतो की.’ पैसे देऊ केले तर घेत नाही. आमच्याकडे येतही नाही. एकदा आला होता, तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो, फोन उचलला गेला नाही, आणि आमच्याच सोसायटीच्या गेटवर त्याला अर्धा तास बसवून ठेवलं. मी कमिटीवर आहे, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

एकाच आईबापाची मुलं आम्ही, एका ताटात जेवलो. मला सौम्य बीपी आहे, एका गोळीवर ठीक आहे. मग त्याचंच असं का झालं? आणि त्याला समजवायचं तरी कसं?

— अ., इंदूर

उत्तर

फोटो स्पष्ट आलाय, पट्टीवरचं नाव वाचता येतंय. ही लघवी वाढवणारी गोळी आहे. शरीरातलं जादा मीठ आणि पाणी बाहेर काढून ती बीपी उतरवते आणि हृदयावरचा भार कमी करते. घेतली की पुढचे काही तास पुन्हापुन्हा जावं लागतं.

आता तुमच्याच पत्रातलं वाक्य परत वाचा. बाकी पट्ट्या अर्ध्या संपलेल्या आहेत. निष्काळजी माणूस सगळ्याच गोळ्या विसरतो. तुमचे दादा एकच विसरतात, आणि रोज न चुकता विसरतात. असं विसरणं मी तीस वर्षं दवाखान्यात पाहिलंय. त्यामागे बहुतेक वेळा कारण असतं, आणि ते विचारलं नाही तर माणूस आपणहून सांगत नाही. लघवीची गोष्ट धाकट्या भावाला कोण सांगेल?

म्हणून पुढच्या वेळी रागावू नका, एवढंच विचारा: ‘दादा, तुझ्या गेटवर संडास कुठे आहे?’ माझ्याकडे येणाऱ्या गार्ड लोकांकडून मला जे कळलंय ते असं. रात्री गेटवर माणूस एकच. संडास असतो तो क्लबहाउसमागे, नाहीतर बेसमेंटमध्ये, आणि तिथे जायचं तर गेट सोडावं लागतं. कॅमेऱ्यात रिकामी खुर्ची दिसली की सकाळी सुपरवायझरचा फोन. तोवर दोन गाड्या हॉर्न वाजवत उभ्या राहिल्या तर ग्रुपवर तक्रार. मग माणूस काय करतो? पाणीच पीत नाही. इंदूरच्या मे महिन्यातसुद्धा. आणि त्या एका गोळीला हात लावत नाही.

तुमच्या दादांचं कारण हेच असेल अशी मला जवळजवळ खात्री आहे, पण विचारून घ्या. आणि मग ‘घरी असताना घे’ असं आपल्या मनानं सांगू नका. ही गोळी कधी घ्यायची, तिच्या जागी दुसरी चालेल का, हे त्यांचे हृदयाचे डॉक्टरच ठरवतील. वेळ पुढेमागे करता येते, औषधही बदलता येतं. फक्त पेशंट रात्री एकटा गेटवर बसतो, हे डॉक्टरांना माहीत हवं. ओपीडीतल्या तीन मिनिटांत ते कुणी विचारलेलं नसणार.

डॉक्टरांना दोष देत नाही, कारण मीही तशीच होते. नोकरीच्या सुरुवातीला मधुमेहाच्या एका हम्मालाला मी लिहून दिलं होतं, ‘जेवणानंतर, दिवसातून तीन वेळा.’ महिन्यानं साखर तेवढीच. मी चिडले. तो शांतपणे म्हणाला, ‘डॉक्टरीणबाई, मी दोनदाच जेवतो.’ दोनदा जेवायचा आणि दोनदाच गोळी घ्यायचा. माझी चिठ्ठी त्यानं अक्षरशः पाळली होती. चिठ्ठी लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे माझं स्वतःचं जेवणाचं टेबल होतं.

तुम्ही मेघदूतला फिरता. चांगलंच आहे, सोडू नका. पण बूट घालून झाडांखाली चाळीस मिनिटं चालणं वेगळं आणि टॉर्च घेऊन रात्री दोन वाजता पार्किंगला फेरी मारणं वेगळं. पायांना फरक कळला नाही तरी रक्तवाहिन्यांना कळतो. रात्री झोपेत आपलं बीपी थोडं खाली येतं, हृदयाला तेवढीच उसंत मिळते. रात्रभर जागणाऱ्याच्या वाट्याला ही उसंत नीट येत नाही. आणि दादांची दिवसाची झोप बघा. साडेआठला घरी, आंघोळ-नाश्ता करून साडेनऊला आडवे, बाराच्या आत उठून ऑटो काढायची, तीनला परत, तासभर डोळा लागतो न लागतो तोच सहाला निघायचं. असाच दिवस असणार, फार तर अर्धा तास इकडेतिकडे. ‘सात-आठ तास झोप घ्या’ हा सल्ला ते कुठे ठेवणार?

आता तुमचा मुख्य प्रश्न. एकाच रक्ताची माणसं, मग असं का?

अनुवंश नसतोच असं मी म्हणत नाही. उलट तुम्हालाच एक सांगायचंय. सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला की तुमचाही धोका वाढलेला धरतात. तेव्हा ‘एका गोळीवर ठीक आहे’ यावर विसंबू नका. कोलेस्टेरॉल, साखर तपासा आणि भावाचं आजारपण तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

पण रक्त एक असून दोन भावांत एवढं अंतर का पडतं, याचा सर्वांत नामांकित अभ्यास झाला तो लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत. १९६७ मध्ये तो सुरू झाला, आणि अठरा हजारांच्या आसपास पुरुष कर्मचाऱ्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. आरोग्य-संशोधक मायकेल मार्मट यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. गंमत म्हणजे या लोकांत भुकेकंगाल कुणीच नव्हतं. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना सरकारी मोफत उपचार. तरीही सर्वांत खालच्या पायरीवरचे लोक हृदयविकारानं वरच्या साहेबांच्या जवळपास तिप्पट प्रमाणात मरत होते. ही सर्वांत खालची पायरी कुणाची होती, सांगू? निरोपे आणि दरवान यांची. तुमच्या दादांचंच काम.

म्हणाल, ते सिगारेटी ओढत असतील. ओढत होतेच, जास्तच ओढत होते. पण सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल असं सगळं हिशेबात धरलं तरी त्या फरकाचा तिसरा हिस्साच काय तो उलगडत होता. आणि मला आजही विचारात पाडते ती दुसरी गोष्ट: फक्त गरीब आजारी आणि बाकी सगळे ठणठणीत, असं ते नव्हतंच. ती जिन्यासारखी उतरंड होती. सर्वांत वरच्या साहेबाच्या खालोखाल असलेला साहेबसुद्धा त्याच्यापेक्षा थोडा जास्त आजारी. म्हणजे या जिन्यावर तुम्हीही कुठेतरी उभे आहात, मीही आहे.

पुढे १९८५ पासून तिथेच दुसरा अभ्यास झाला, त्यात बायकाही होत्या. त्यातून एक धागा हाती लागला: कामावर ताबा. काम कधी करायचं, कसं करायचं, कधी थांबायचं हे ज्याच्या हातात नाही, त्याचं हृदय जास्त झिजतं. बँकेत तुमच्यावर टार्गेटचा ताण आहेच, मला माहितीय. पण लघवीला जायला तुम्हाला परवानगी लागत नाही.

शरीरात होतं काय, तेही सांगते. ताण आला की अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, हृदय जोरात धावतं, रक्तात साखर वाढते. अंगावर कुत्रा धावून आला तर हे उपयोगाचं आहे. कुत्रा जातो आणि सगळं पूर्ववत होतं. पण जो ताण संपतच नाही, त्यात ही यंत्रणा चालूच राहते. पोटावर चरबी धरते, रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं, बीपी चढलेलंच राहतं. २००४ मध्ये ताणावरच्या, प्रयोगशाळेत केलेल्या २०८ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. कॉर्टिसॉल सर्वांत जास्त कशानं उसळतं? दोन गोष्टी एकत्र आल्या की: समोरचा आपल्याला जोखतोय, आणि निकाल आपल्या हातात नाही.

तुमच्या गेटवरचा तो अर्धा तास आठवा. सख्ख्या भावाच्या दारात, स्वतः गार्ड असलेला माणूस, दुसऱ्या गार्डपुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसलाय. रजिस्टरात ‘कुणाकडे’ आणि ‘काय काम’ भरतोय. भाऊ फोन उचलत नाही. तो पुन्हा आला नाही यात नवल काय? तुम्हाला लाज वाटली, तिचं काय केलंत ते मात्र पत्रात नाही.

तुमच्या वडिलांची मिल कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीत, लिहायची गरजही नाही. मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी... भोंग्यावर घड्याळ लावणारं ते इंदूर आम्ही पाहिलंय. सगळ्यांना माहीत असलेलं एकच उदाहरण घ्या. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचे सुमारे २२४ कोटी रुपये मंजूर होऊन मिळाले डिसेंबर २०२३ मध्ये. बत्तीस वर्षं! कित्येकांचे पैसे घ्यायला वारस उभे होते. एवढी वर्षं ‘आज निकाल, उद्या निकाल’ करत जगलेल्या घरांमधलं बीपी कुणी मोजलेलं नाही.

अशी मिल बंद पडली की ती घरातल्या सगळ्यांवर सारखी कोसळत नाही. तुम्ही सातवीत होतात म्हणून वाचलात, दादा बारावीत होते म्हणून सापडले. मधलं अंतर फक्त पाच वर्षांचं. तुम्ही उलट क्रमानं जन्मला असतात तर आज हे पत्र त्यांनी लिहिलं असतं आणि मी तुमच्या पट्टीचा फोटो बघत असते. ‘त्याचंच असं का’ याचं माझ्याकडे याहून खरं उत्तर नाही. घरावर आला तो धक्का त्यांनी अंगावर घेतला आणि तुमच्यापर्यंत तो पोचूच दिला नाही.

म्हणून ‘समजावणं’ बंद करा. समजायचं ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं समजतं. त्यांना हवेत ते तास.

पहिले तास फीमधून काढा. दुपारची ऑटो पुतणीच्या फीसाठी चालते ना? मग ‘दादा, थोडी मदत’ असं पाकीट पुढे करूच नका. ते घेणार नाहीत आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही घेतलं नसतं. ‘माझी फी तू भरलीस, तिची मी भरणार, तुझं घेणं आहे हे’ असं सरळ बोला आणि कॉलेजात जाऊन भरून या. पावती वहिनींच्या हातात द्या. मदत आणि परतफेड यांतला फरक मोठ्या भावाला चांगला कळतो. कुरकुरतील, चार दिवस बोलणार नाहीत. पण ऑटो सुटली तर दुपारची झोप सलग होईल. गोळ्यांइतकंच काम करेल ते, हे मी डॉक्टर म्हणून लिहितेय.

दुसरं, नवव्या दिवशी ड्युटी. आयुष्मानचं कार्ड कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च देतं. २०१८ पासून त्यानं कितीतरी घरं कर्जातून वाचवली आहेत. पण बुडालेला पगार ते देत नाही. स्टेंट फुकट मिळाला तरी घरी पडून राहणं फुकट नसतं. हे तुम्हाला ‘ऐकत नाही’ असं दिसलं.

इथे एक गोष्ट तपासा. दादांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची वर्गणी, कापतात का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ते लागू होतं. कर्मचाऱ्याचा पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. परदेशीपुऱ्यात वाढलात म्हणजे नंदानगरचं बिमा हॉस्पिटल तुम्हाला नवं नाही, तेच ते. वडिलांच्या बोटाला धरून लाल औषधाची बाटली घेऊन गेला असाल. यात उपचारांबरोबर आजारपणाचे पैसेही मिळतात: वर्षात ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के. ठरलेल्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते आणि तिथल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. पगाराची चिठ्ठी मागा. चिठ्ठीत कपात असेल आणि कार्ड हातात नसेल तर नंबर काढून घ्या. कपातच नसेल तर एजन्सीला लेखी विचारा. बँकेतल्या माणसाला पत्र लिहायला कंटाळा येऊ नये. गार्डनं विचारलं तर उद्या दुसरा गार्ड येतो, तुम्ही विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. भावासाठी तुमचं हे वजन वापरा. विनंतीत दिवसपाळीही घाला, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा.

तिसरं तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही सोसायटीच्या कमिटीवर आहात. तुमच्या गेटवरच्या गार्डला रात्री संडासला कुठे जावं लागतं? त्याची सुटी कोणत्या वारी असते? त्याच्या पगारातून ईएसआय कापतात की एजन्सीचं बिल कमी यावं म्हणून आपण ते बघितलंच नाही? आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, मलाही त्याचा अभिमान आहे. पण पहाटे झाडणाऱ्यांनी आणि रात्री राखणाऱ्यांनी कुठे जायचं, हा विषय मी तरी कुठल्या सोसायटीच्या अजेंड्यावर पाहिला नाही. केबिनजवळ एक संडास आणि रात्री दोन माणसं. मेंटेनन्समध्ये फ्लॅटमागे किती पडेल, तो हिशेब तुम्हाला बसल्या जागी करता येईल. पुढच्या मीटिंगला मांडा. आणि रजिस्टरात दादांचं नाव ‘कायम परवानगी’ असलेल्यांत घालून मगच त्यांना जेवायला बोलवा. वेळ त्यांना विचारून ठरवा.

वहिनींबद्दल एक ओळ. त्या ‘ऐकत नाहीत’ म्हणाल्या त्यात त्यांची भीती आहे. त्या स्वतः कधी जेवतात, किती झोपतात हे कुणी पाहिलंय असं पत्रावरून वाटत नाही. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५७ टक्के रक्तक्षयाच्या आहेत, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं होतं. दादांचं रक्त तपासायला न्याल तेव्हा त्यांचंही हिमोग्लोबिन करून घ्या. वेगळं तिकीट काढावं लागत नाही.

डॉक्टरांकडे जाताना तुम्ही बरोबर जा, पण बोलू द्या दादांनाच. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, ती न फोडलेलीसुद्धा. मार्चपासून पडून असेल, तर आधी तिच्यावरची एक्सपायरी बघून घ्या.